'काढले नाहीत' आणि 'आले नाहीत'

एटीएममधून नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज मात्र आला. वैतागलेला माणूस हेल्पलाइनला फोन लावतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, "अहो, मी पैसे काढलेलेच नाहीत, तरी कट झालेत!" घोळ तिथूनच सुरू होतो. पलीकडच्याला ऐकू येतं ते असं की हा व्यवहार ग्राहकाने केलेलाच नाही. तो तक्रार 'अनधिकृत व्यवहार' म्हणून नोंदवतो, कार्ड ब्लॉक करतो, आणि काही दिवसांनी उत्तर येतं: व्यवहार मूळ कार्ड आणि योग्य पिन वापरून झाला आहे, सबब बँक जबाबदार नाही. उत्तर खोटं नसतं, फक्त भलत्याच तक्रारीचं असतं.

सांगायचं ते असं: "व्यवहार मीच केला. १०,००० मागितले. खात्यातून गेले, मशीनमधून आले नाहीत." बँकवाले याला 'कॅश नॉट डिस्पेन्स्ड' म्हणतात, हेच शब्द वापरा. थोडेच आले असतील तर 'कमी आले' एवढ्यावर थांबू नका. ५००च्या २० नोटा यायला हव्या होत्या, १२ आल्या, ४,००० बाकी, असं आकड्यांत सांगा. सोबत तारीख, वेळ आणि स्लिपवरचा एटीएम आयडी. स्लिप आलीच नसेल तर आयडी बहुतेक वेळा मशीनवर चिकटवलेला असतो. फोटो काढून ठेवा.

दुसरा गोंधळ पत्त्याचा. मशीन दुसऱ्या बँकेचं असेल तर तुमच्या शाखेत हमखास ऐकवतात, "त्या बँकेत जा." तिथे गेलात तर ते म्हणणार, "तुमचं खातं आमच्याकडे नाही." यात मशीनवाल्या बँकेचं म्हणणं बरोबर आहे. तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडेच करायची; मशीनवाल्या बँकेशी बोलणं तिचं काम.

आता मशीनच्या आत काय होतं ते बघू. कधी मंजुरीचा निरोप वाटेतच अडकतो. खात्यातून रक्कम गेलेली असते, पण मशीनला ते कळलेलंच नसतं. असे पैसे बहुधा आपोआप परत येतात. कधी नोटा आतच अडकून नको असलेल्या नोटांच्या पेटीत पडतात. मग मशीनची रोकड मोजताना तेवढी रक्कम जास्त भरते. खरी डोकेदुखी तिसऱ्या प्रकारात. नोटांच्या फटीवर कुणी पट्टी चिकटवून ठेवलेली असते, नोटा पट्टीमागे अडकतात. मशीनच्या नोंदीत व्यवहार 'यशस्वी', रोकडही जास्त भरत नाही, आणि तुम्ही निघून गेलात की पट्टीवाला येऊन नोटा घेऊन जातो. म्हणून मोटरचा आवाज आला आणि नोटा दिसल्या नाहीत तर जागा सोडू नका. तिथूनच बँकेला फोन करा, 'मदत करतो' म्हणणाऱ्याला लांब ठेवा, आणि लेखी तक्रारीत सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच दिवशी करा.

मुदतीचा नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार फसलेल्या एटीएम व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या तारखेपासून ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. व्यवहार ३ तारखेचा असेल तर मुदत ८ तारखेपर्यंत. पैसे १५ला आले तर ७ दिवसांचे ७०० रुपये. काउंटरवर "सात वर्किंग डेज" सांगतात तो जुना हिशोब. प्रत्यक्षात ही भरपाई मागितल्याशिवाय क्वचितच पडते, तेव्हा ईमेलमध्ये परिपत्रकाची तारीख घालून मागाच. यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर मुदत फक्त पुढच्या दिवसापर्यंत. दुकानदाराला दिलेले असतील तर ५ दिवस. चुकीच्या नंबरवर तुम्हीच पाठवलेले पैसे मात्र यात बसत नाहीत.

मग येतो तो मेसेज: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' लोक याचा अर्थ काम झालं असा घेतात. निकाली म्हणजे फाइल बंद, एवढंच. काही बँका तपास संपेपर्यंत तात्पुरती रक्कम जमा करतात आणि निकाल विरुद्ध गेला की काढून घेतात. ती खर्च केली की पुढचा हप्ता बाउन्स. 'व्यवहार यशस्वी' असं उत्तर आलं तर त्या व्यवहाराचा जेपी लॉग (मशीनने स्वतः ठेवलेली व्यवहाराची नोंद) आणि त्या दिवसाचा रोकड ताळमेळ लेखी मागा. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, ईमेल आणि तक्रार क्रमांक राहतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर (रिझर्व्ह बँकेची तक्रारींची वेबसाइट) विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेला आधी लेखी कळवलेलं नसेल तर ती तिथे टिकत नाही. फॉर्म भरताना अडलं तर १४४४८ला फोन करा, मराठीत बोलता येतं.