यात जरा जास्तच देव आहे

ख्रिश्चन कादंबऱ्या, त्यातही बायकांच्या श्रद्धेवर आणि मैत्रीवर लिहिलेल्या, मी वाचते त्या थोड्याफार गोष्टीसाठी आणि बऱ्याचशा त्यांच्याबद्दल बाकीच्या बायका काय बोलतात ते ऐकण्यासाठी. खरं सांगायचं तर दुसऱ्या कारणाला जास्त मार्क. एकाच पुस्तकाबद्दल एक बाई म्हणते की यात जरा जास्तच देव आहे, मला गोष्ट हवी होती, प्रवचन नको होतं. दुसरी म्हणते की कव्हरवर ख्रिश्चन फिक्शन छापलंय आणि आत बघावं तर येशूचं नाव शोधून सापडत नाही, नुसतं रविवारी चर्चला जाऊन आल्या की झाली का श्रद्धा? पुस्तक तेच, पानंही तीच. तिसरीला देव बरोबर प्रमाणात वाटतो पण तिनं एक स्टार कापलेला असतो, का तर जेवणाच्या एका सीनमध्ये कुणीतरी वाइन घेतली. लिहिणारीची दया येते हो कधीकधी.

हा प्रकार मुळात अमेरिकेतला, तिथल्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट प्रकाशकांनी वाढवलेला. जॅनेट ओक या कॅनडाच्या लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' 1979 साली बेथनी हाऊस या प्रकाशकांनी काढली, ओसाड माळरानावर नवरा गमावलेली तरुण बाई आणि बायको गेलेला एक शेतकरी, त्याच्या छोट्या मुलीसाठी केलेलं नावापुरतं लग्न, अशी गोष्ट, आणि ती इतकी चालली की पुढे या वाटेनं कितीतरी जणी गेल्या. मग 1997 साली बेव्हर्ली लुइस यांची 'द शनिंग' आली आणि आमिश, म्हणजे आधुनिक सोयी टाळून जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या कादंबऱ्यांची लाटच आली, कव्हरवर टोपी घातलेली मुलगी, मागे शेत, आणि नजर कुठेतरी लांब. त्या मुलींचं तोंड पूर्ण का दाखवत नाहीत हे मला अजून कळलेलं नाही.

या प्रकाशकांचे नियमही कडक असतात, शिव्या नकोत, बेडरूमचं दार बंद, दारू शक्यतो नकोच. वाचक याला क्लीन रीड म्हणतात, आणि बाहेरून हे जरा हसण्यासारखं वाटतं, पण त्यांचं म्हणणं ऐकलं की पटतं. एक म्हणते, हे पुस्तक मी आईला देऊ शकते, लेकीला देऊ शकते, सासूबाईंना पण, आणि कुणाच्या हातात देताना अमुक पान उघडू नका असं सांगावं लागत नाही. तीन पिढ्यांत फिरणारं पुस्तक म्हणजे काही साधी गोष्ट नाही. फक्त घोटाळा असा होतो की शिव्या आणि बेडरूम काढताना बरेचदा राग पण निघून जातो, मत्सर पण निघून जातो, आणि मग उरतात त्या अशा बायका की ज्या एकमेकींवर कधी चिडतच नाहीत. अशी मैत्री मी तरी कुठे बघितलेली नाही.

आता प्रवचनाच्या तक्रारीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त तीच ऐकू येते. मला वाटतं की वाचकांना कॅरेक्टरच्या श्रद्धेचा त्रास होत नसतोच मुळी. कादंबरीतली डॉक्टर दवाखान्याबद्दल बोलली तर कुणी म्हणतं का की फार डॉक्टरकी आहे यात? मग प्रार्थना करणारी बाई प्रार्थना करणारच ना. त्रास होतो तो वेगळ्याच ठिकाणी. या कादंबऱ्यांमध्ये एक म्हातारी असते, केस पांढरे, चेहरा शांत, हातात बहुतेक चहा, आणि हिला सगळं माहीत असतं. नायिका रडत येते, म्हातारी दोन वचनं सांगते, नायिकेला एकदम लख्ख दिसायला लागतं आणि पुढच्या चॅप्टरला ती नवऱ्याला माफ करून मोकळी. म्हातारी कधी चुकत नाही, कधी कंटाळत नाही, तिचे गुडघेसुद्धा दुखत नाहीत. मला अशा म्हातारीचा सीन आला की पानं उलटावीशी वाटतात, आणि मग बाकीच्या बायकांची मतं वाचते तर त्यांनीही नेमकी तीच पानं उलटलेली असतात, अगदी रोज बायबल वाचणाऱ्यांनी पण. म्हणजे देव नकोय अशातला भाग नाही, उत्तर एवढ्या पटकन नकोय.

याच्या उलट ज्या सीनवर सगळ्या जणी एकमतानं भाळतात तो बघा. बहुतेक पुस्तकांत चौघी असतात, हा साचाच आहे, एक विधवा, एक करिअरवाली, एक तोंडाळ, आणि एक जिचं काहीतरी लपवलेलं आहे. कुठल्यातरी बायबल स्टडीत नाहीतर रिट्रीटला, म्हणजे चर्चच्या प्रार्थना शिबिराला भेटतात, आधी एकमेकींना नाकं मुरडतात. आणि मग मधे कुठेतरी एकीवर काहीतरी कोसळतं आणि दुसरी तिच्या घरी जाते आणि सिंकमधली भांडी घासते. बस. काही बोलत नाही, वचन नाही, मिठी नाही, भांडी घासते, ओटा पुसते आणि निघून जाते. या अशा सीनबद्दल बायका पानंच्या पानं लिहितात की मी इथे रडले. आणि गंमत म्हणजे प्रवचन नको म्हणणारी पण इथेच रडलेली असते आणि येशू कुठाय म्हणणारी पण इथेच.

हे काही नवीन शोधलेलं नाहीये कुणी. बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे, त्यात त्याची मुलंबाळं, संपत्ती, तब्येत सगळं गेल्यावर तिघं मित्र भेटायला येतात, आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत कारण त्याचं दुःख किती मोठं आहे ते त्यांना दिसत असतं. तोपर्यंत ते उत्तम मित्र असतात. मग ते बोलायला लागतात आणि सगळं बिनसतं, तुझ्याच हातून काहीतरी पाप झालं असणार, देव उगाच कुणाला शिक्षा करतो का, वगैरे. शेवटी देवच त्यांच्यावर रागावतो. मला नेहमी वाटतं की ख्रिश्चन कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकीनं टेबलासमोर हा प्रसंग चिकटवून ठेवावा, विशेषतः म्हातारीचा सीन लिहायच्या आधी.

या क्षेत्रातला मानाचा क्रिस्टी पुरस्कार 2000 सालापासून देतात आणि त्याचं नाव पडलंय कॅथरीन मार्शल यांच्या 1967 सालच्या 'क्रिस्टी' या कादंबरीवरून. गोष्ट 1912 सालची, टेनेसीच्या डोंगरात शिकवायला गेलेली 19 वर्षांची मुलगी, लेखिकेच्या आईच्याच अनुभवांवर बेतलेली. तिच्यावर प्रेम करणारे दोघं जण आहेत आणि वाचक त्यावर हौसेनं भांडतात, पण माझ्या डोक्यात राहिली ती फेअरलाइट. डोंगरातली बाई, पदरात मुलं, अक्षरओळख नाही, आणि तिला वाचायला शिकायचंय. क्रिस्टी तिला शिकवते आणि त्यातून जी मैत्री होते ती कुठल्याही प्रेमप्रकरणापेक्षा खरी आहे. आणि मग टायफॉइडची साथ येते आणि फेअरलाइट जाते. क्रिस्टीची श्रद्धा हलते ती इथे. तिला पडलेला प्रश्न पुस्तकी नसतो, मैत्रीण गेलेली असते. मिस अ‍ॅलिस नावाची वयस्क क्वेकर (शांततेत प्रार्थना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची) बाई इथेही आहे, म्हणजे म्हातारीचा हा साचा किती जुना ते बघा, पण तिच्या स्वतःच्या आयुष्यात जबरदस्त जखम आहे म्हणून ती चालते. निदान मला तरी चालते.

आपल्याकडे मराठीत तर याची सुरुवात अजून आधीची. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' 1857 सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अभ्यासाला लागतं, आणि ते काय आहे? ख्रिस्ती विचारानं लिहिलेली बाईची गोष्टच. यमुना फिरते आणि वाटेत तिला विधवांच्या एकेक हकिकती कळत जातात. उपदेश त्यातही भरपूर, आणि तो वाचताना आजच्या बायकांची तक्रार आठवतेच. पण त्या हकिकती मात्र सोडवत नाहीत, आणि यमुनेनं त्या ऐकून घेणं हाच मला त्यातला सगळ्यात धार्मिक भाग वाटतो. लेखकाला कदाचित हे आवडलं नसतं.

बरं, वाचकांचा सगळ्यात मोठा राग कशावर आहे सांगू का? शेवटच्या चॅप्टरमधल्या बाळावर. मूल होत नसलेली बाई तीनशे पानं झुरते, देवाशी भांडते, मैत्रिणींच्या बारशाला जायचं टाळते, हे सगळं फार छान लिहिलेलं असतं, आणि मग ती म्हणते की ठीक आहे, तुझी इच्छा, आणि लगेच तिला मळमळायला लागतं. ज्या बायका स्वतः यातून गेल्यात त्या हे पुस्तक भिंतीवर मारायच्या बेतात असतात. सरळ विचारतात, म्हणजे मी मनापासून म्हटलं नाही का? माझं शरण जाणं कमी पडलं का? हाच राग एकट्या राहणाऱ्यांचा पण, की अविवाहित मैत्रिणीला शेवटच्या दहा पानांत कुणीतरी दाढीवाला चांगला माणूस का चिकटवता, ती आहे तशी तिथे थांबली तर देव कमी पडतो का? मला हे शंभर टक्के पटतं. लेखिका म्हणतील की बायबलमध्येही सारा, हन्ना, अलीशिबा सगळ्यांना बाळं झालीच की. झाली. पण हन्नाच्या गोष्टीत बाळ व्हायच्या आधी काय काय आहे ते वाचा. सवत पनिन्ना मुद्दाम टोचून बोलते, नवरा एलकाना बिचारा विचारतो की मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का (नवऱ्यांनी हा प्रश्न विचारू नये), आणि ती देवळात ओठ हलवत रडत बसलीय तर एली याजकाला वाटतं की ही बाई पिऊन आलीय. एवढा अपमान, एवढं एकटेपण, आणि एक मैत्रीण नाही तिला सगळ्या गोष्टीत. मला तर तिथे एक कादंबरी दिसते.

मैत्रिणीवरून बायबलमधली रूथ आलीच. चार अध्यायांचं छोटंसं पुस्तक, आणि बायकांच्या मैत्रीवर बोलताना ते निघाल्याशिवाय राहत नाही. रूथची सासू नामी, तिचा आणि तिच्या दोघी सुनांचे नवरे मेलेत, दुष्काळातून सावरलेल्या आपल्या गावी ती परत निघालीय, सुना सोबत निघतात, ती म्हणते जा बाई आपापल्या माहेरी, आणि रूथ म्हणते तू जाशील तिथे मी येणार, तुझा देव तो माझा देव. सासूला म्हणतेय हे. लग्नाच्या पत्रिकेत छापतात ते वाक्य, आणि मूळ एका सुनेनं सासूला म्हटलेलं! या पुस्तकात देव स्वतः एकदाही बोलत नाही, सगळं या दोघींच्या बोलण्यातून आणि शेतात सातू वेचण्यातून पुढे जातं. आणि नामी गावात पोचल्यावर चारचौघींसमोर सरळ म्हणते की मी भरलेली गेले आणि देवानं मला रिकामी परत आणली. शेजारी रूथ उभी असते बरं का, जी सगळं सोडून आलीय. रूथ त्यावर काही बोलल्याची नोंद नाही. आजची एखादी लेखिका असती तर तिनं इथे रूथला नक्की दीड पानाचं समजूतदार भाषण दिलं असतं. आणि अर्पा, ती दुसरी सून, ती रडते, मुका घेते आणि माहेरी जाते, म्हणजे सासूनं सांगितलं तेच करते, तरी तिला उगाच नापास करतात. अर्पाच्या बाजूनं बोलणाऱ्या वाचक भेटल्या की मला आपलं माणूस भेटल्यासारखं होतं.

विनोद या पुस्तकांत कमी असतो ही पण एक तक्रार, आणि ती रास्त आहे, कारण चर्चमधल्या बायकांच्या ग्रुपमध्ये विनोदाला काही तोटा नसतो. प्रेयर रिक्वेस्ट हाच केवढा मोठा विषय आहे. 'हिच्यासाठी प्रार्थना करा गं, मी जास्त काही सांगत नाही' असं म्हणून जास्तीचं सगळं सांगणं, आणि शेवटी आमेन म्हटलं की ती चुगली राहत नाही. ज्या लेखिका हे लिहितात त्यांना वाचक डोक्यावर घेतात, कारण प्रत्येकीच्या ओळखीत अशी एक असतेच, आणि बरेचदा अडीअडचणीला डबा घेऊन सगळ्यात आधी तीच पोचते.

या पुस्तकांच्या शेवटी बहुतेक वेळा चर्चेसाठी प्रश्न दिलेले असतात, बुक क्लबसाठी. मला ते प्रश्न वाचायला फार आवडतात. तुमच्या आयुष्यात देव गप्प आहे असं कधी वाटलं का, चौघींपैकी तुम्ही कुणासारख्या, तुम्हाला कुणाला माफ करायचं राहिलंय का. हे शेवटचं वाचून खोलीत काय शांतता पसरत असेल विचार करा, कारण जिला माफ करायचंय ती बहुधा दोन खुर्च्या सोडून बिस्कीट खात बसलेली असणार. चौघींपैकी कोण डोक्यात गेली हा प्रश्न मात्र कुठल्याच यादीत नसतो, आणि जमलेल्या बायका सगळ्यात जास्त वेळ बोलतात त्याच्यावरच.