देवनागरी टायपोग्राफी: ठाणे–वाशी नमुनापत्र कुठवर आलं

डिझाइनच्या अभ्यासक्रमात टायपोग्राफी बहुधा गुटेनबर्गच्या बायबलापासून (१४५५ च्या आसपास) सुरू होते आणि १९५७ च्या हेल्व्हेटिका-युनिव्हर्सपाशी येऊन स्थिरावते. एक्स-हाइट (लहान x ची उंची), असेंडर (b, d चा वर जाणारा दांडा), बेसलाइन (तळरेषा) सगळं पाठ होतं. मग मराठी पोस्टर समोर येतं आणि तीच पट्टी लावली की काहीच जुळत नाही, कारण रोमन अक्षर तळरेषेवर उभं असतं आणि देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. या नोंदीतला क्रम म्हणून उलटा आहे: आधी देवनागरी, रोमन लागेल तिथे. हाती घेतलेलं काम एकच, ए३ आकाराचं एक नमुनापत्र. त्यावर तेच शब्द आधी टाकाने, मग फाँटमध्ये, मग कापून चिकटवलेले.

शब्द

शब्द म्हणजे ठाणे–वाशी लोकलच्या ट्रान्सहार्बर मार्गावरच्या स्थानकांची नावं: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. नऊ नावांत देवनागरीचे बरेचसे स्वभाव येतात. उजव्या दंडाची अक्षरं भरपूर (घ, ग, ण, प, स, न, ब, त, व), मधल्या दंडाचा क आहे, आणि दंडच नसलेले, शिरोरेषेला मानेने लटकणारे ठ, ड, द, र आहेत. ‘खैरणे’त दुहेरी मात्रा, ‘दिघा’त ऱ्हस्व वेलांटी, ‘तुर्भे’त उकार, रफार आणि मात्रा एकाच शब्दात. ल आणि श दोन्ही आहेत, ते फार महत्त्वाचं.

जोडाक्षरांची बाजू मात्र लंगडी पडते. म्हणून मुंब्रा, कल्याण आणि ठाण्याचं जुनं नाव श्रीस्थानक ही भर घातली. ‘कल्याण’मध्ये अर्धा ल, ‘मुंब्रा’त उकार, टिंब आणि रकार. म आणि ह हवे असतील तर ‘महापे’ घ्या.

टाक आणि कोन

४ मिमी रुंद बोरू किंवा सपाट निब. शिरोरेषा ते तळरेषा पाच टाकरुंद्या, म्हणजे २० मिमी; वर मात्रांना १० मिमी, खाली उकारांना १० मिमी. ड्रॉइंग इंक आणि चोपडा, जाड कागद. साध्या झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते आणि कडा वाचता येत नाहीत, मग कोन चुकला की कागद वाईट हेच कळत नाही.

रोमन सुलेखनात टाकाची धार डावीकडून उजवीकडे वर चढती असते. देवनागरीत ती उतरती, साधारण ४५ अंशांत. फरक पाहायचा तर ‘ठ’चा गोल काढा: वरची उजवी आणि खालची डावी बाजू बारीक यायला हवी. रोमन ओ मध्ये नेमक्या उलट्या बाजू बारीक असतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने बोरूचं तोंड तिरकं कापावं, लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहता डावं टोक थोडं पुढे. सरळ तोंडाच्या निबने मनगट फार वळवावं लागतं आणि दहा अक्षरांत कोन ढळतो.

कोन धरला की नाही हे डोळ्यापेक्षा पट्टीने तपासलेलं बरं. ४५ अंशांत ४ मिमी टाकाचा दंड आणि शिरोरेषा दोन्ही सुमारे २.८ मिमी जाड येतात. दंड जाड आणि शिरोरेषा बारीक आली तर टाक आडवा पडतोय. उलट झालं तर उभा होतोय. ज्यांना जाड-बारीक का होतं हेच उमगत नाही, त्यांनी दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधून लिहावं. दोन रेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे टाक बारीक चालतो, इतकं उघड दिसतं.

इथे थांबायचा मोह असतो, कारण सुलेखन देखणं दिसतं. पण टाइप म्हणजे तोच ‘ण’ हजार वेळा, कोणत्याही शेजाऱ्याशेजारी, सारखाच बसला पाहिजे. टाकाचं काम फक्त जाडी कुठून येते ते कळण्यापुरतं.

जुनी छपाई वाचणं

मराठीचा छापील इतिहास मुंबईत सुरू झालेला नाही. मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालात, श्रीरामपूरला देवनागरीत छापलं गेलं; त्याच्या १८१० च्या कोशात मराठी शब्द मोडी खिळ्यांत (छपाईच्या ओतीव अक्षरांत) आहेत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमने देवनागरी खिळे घडवले. गणपत कृष्णाजींचं पंचांग १८३१ चं, पण ते शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं. आणि अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात लहानपणी काम केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला, ज्याच्या खिळ्यांची वळणं आजही फाँट घडवणारे समोर ठेवतात. ठाण्यापुरतं बोलायचं तर ‘अरुणोदय’ साप्ताहिक इथून १८६६ मध्ये निघालं आणि मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे.

सनावळीपेक्षा कागद वाचता येणं जास्त उपयोगी. दहापट भिंग घ्या. खिळ्यांनी छापलेलं पान असेल तर अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते, कारण दाबाने शाई बाहेर सरकते. पान उलटून तिरप्या उजेडात धरलं की मागे उठाव जाणवतो. शिळाछापात कागद सपाट राहतो. शंका राहिलीच तर एका पानावरचे पाच ‘म’ शोधा. शिळाछापात मजकूर हाताने लिहिलेला असल्यामुळे पाचही थोडे वेगळे निघतात. खिळ्यांत ते एकसारखे असतात, आणि एखादा खिळा मोडका असला तर तोच टवका पुढच्या पानांवरही भेटतो.

शिळाछाप मराठीला इतका का मानवला तेही भिंगाखालीच समजतं. त्यात मात्रा, रफार, जोडाक्षरं लेखकाने लिहिली तशी उमटतात. खिळ्यांत प्रत्येक जोडणी स्वतंत्र घडवावी लागते. सगळी जोडाक्षरं आणि बाराखड्या वेगळ्या ओतल्या तर शेकडो घरांची केस (खिळे ठेवायची पेटी) होते आणि जुळाऱ्याचा हात दिवसभर धावत राहतो; मात्रा सुट्या ओतल्या तर खिळे कमी होतात, पण मात्रा आणि शिरोरेषा यांच्यात फट पडते. जुन्या पुस्तकांत मात्रा अधांतरी आणि शिरोरेषा तुटक दिसते ती या फटींमुळे. यंत्रजुळणीत ही ओढाताण आणखी वाढली. लायनोटाइप या जुळणीयंत्राच्या मॅगझिनला (अक्षरांचे साचे ठेवायच्या पेटीला) ९० मार्गिका, त्यात सगळी देवनागरी बसवायची. उभी रचलेली जोडाक्षरं आडवी फोडण्याला त्यातून जोर मिळाला.

जुन्या पुस्तकाचा आकार मोजायची रीत: रोमनमध्ये तळरेषा ते तळरेषा मोजतात, देवनागरीत शिरोरेषा ते शिरोरेषा मोजा, ती ठळक असते. अकरा ओळी घ्या, म्हणजे दहा अंतरं मिळतात. दहा ओळी घेऊन दहाने भागलं की उत्तर चुकतं. दहा अंतरं ५६ मिमी आली तर एक ५.६ मिमी, भागिले ०.३५३ (एका पॉइंटचे मिमी), म्हणजे सुमारे १६ पॉइंट. जुना छपाईचा पॉइंट ०.३५१ मिमीचा होता, पण इतक्या मापाला फरक नगण्य. हे ओळींमधलं अंतर झालं, खिळ्याचा आकार नव्हे. ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घातलेल्या असू शकतात. पुस्तकं हाताळताना ग्रंथपालांना विचारून, जवळ फक्त पेन्सिल ठेवून, आणि झेरॉक्सच्या काचेवर पाठ दाबून बिलकुल नाही.

संगणकावर

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि त्यातला निम्मा सेटिंगमध्ये. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दिघा’ची वेलांटी द च्या पुढे जाऊन बसली किंवा ‘तुर्भे’त पायमोडका र दिसला, तर फाँट वाईट ठरवू नका. पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा आणि तो पॅराग्राफ स्टाइलमध्येच टाका, नाहीतर दर नव्या चौकटीत तेच रडगाणं. श्रीलिपीसारख्या पद्धतींत टाइप केलेला जुना मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून फाँट बदलला की मजकुराचा कचरा होतो.

ल आणि श. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची रूपं ठरली आहेत. बऱ्याच फाँटमध्ये मूळ रूपं हिंदी वळणाची असतात आणि मराठी रूपं आत दडलेली असतात. ती बाहेर येण्यासाठी मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते. वेबपानावरही भाषेची खूण मराठीचीच हवी. टिरो देवनागरीत हा घोळच नाही, हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फाँट मिळतात. तपासायला ‘घणसोली’, ‘वाशी’ आणि ‘कल्याण’ पुरे. ‘कल्याण’ विसरू नका: पूर्ण ल मराठी आणि अर्धा ल हिंदी वळणाचा, असे अर्धवट फाँटही असतात.

ओळींमधलं अंतर रोमनच्या १२० टक्क्यांनी भागत नाही. ११ पॉइंटला १६ पासून सुरुवात करा. कसोटीसाठी वरच्या ओळीत ‘उद्ध्वस्त’ आणि बरोबर त्याखाली ‘मोर्चे’ येईल असं बसवा. जोडाक्षराचा पाय आणि रफार भिडले की एक पॉइंट वाढवा. फार वाढवलं तर ओळी सुट्या पडतात, कारण शिरोरेषांचे पट्टे डोळ्यांना आधीच ओढतात.

ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्य. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरं ताणली की शिरोरेषा तुटते आणि ‘को प र खै र णे’ अशी सुटी अक्षरं उरतात. ऐसपैसपणा हवाच असेल तर मुक्तासारख्या सात वजनांच्या (जाडीच्या) फाँट-कुटुंबातलं हलकं वजन मोठ्या आकारात घ्या. दोन्ही कडा सरळ करायचा अट्टहासही सोडा. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असा शब्द अरुंद रकान्यात आला की आधीच्या ओळीत खिंडारं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, यात कमीपणा काही नाही.

इंग्रजीसोबत मांडताना दोन्हींचा पॉइंट आकार सारखा ठेवून चालत नाही. शिरोरेषा ते तळरेषा ही उंची रोमनच्या एक्स-हाइटपेक्षा जास्त आणि कॅपिटलपेक्षा कमी बसेपर्यंत एकाचा आकार बदला, मग दोन्हींची जाडी शेजारी ठेवून पाहा. रोमन बोल्डशेजारी देवनागरी बोल्ड बहुधा जास्त काळा दिसतो, कारण शिरोरेषेची शाई वरून भर घालते. तिथे सेमीबोल्ड घ्या.

रेडियम कटिंग

नमुनापत्राचा तिसरा भाग: ‘तुर्भे’ आणि ‘ठाणे’ रेडियममध्ये (चिकटणाऱ्या प्लास्टिक पत्र्यात) कापून. कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी मोडू शकते, म्हणून दुकानात फाइल कर्व्ह करूनच (अक्षरांचे नुसते आकार करून) द्यायची. पण नुसती कर्व्ह पुरत नाही. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्यावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही. प्लॉटर (कापणारं यंत्र) मात्र दोन्ही कडा कापतो आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. कधी चढलेला भाग भोक समजला जाऊन पांढरी चीरही पडते. उपाय: सगळं निवडून वेल्ड (एकसंध) करा, मग आउटलाइन व्ह्यूमध्ये प्रत्येक सांध्यावर मोठं करून पाहा. मात्रा शिरोरेषेला जिथे टेकते तिथे केसाएवढी फट राहिली असेल तर ती हाताने जुळवा.

४० मिमी उंचीच्या अक्षराला सगळ्यात बारीक भाग २ मिमीच्या खाली नको, सोलताना उचकटतो. ‘मुंब्रा’चं टिंब ४ मिमीपेक्षा लहान असेल तर ते हमखास सोललेल्या पट्टीबरोबर निघून जातं. काचेला आतून लावायचं असेल तर आरसाप्रत काढा आणि दुकानदाराला तोंडी वेगळं सांगा.

बाकी

फाँट एडिटरमध्ये ठ, ण, र आणि काना यांच्यावर काम चालू आहे. आधी काना, कारण दंडाची जाडी आणि दोन दंडांमधली जागा ठरली की ‘सानपाडा’ची लय ठरते. रफाराला जोडबिंदू (अक्षराला तो चिकटतो ती जागा) दोन लागतात, एक नुसत्या दंडासाठी आणि एक मात्रेसह. एकच ठेवला तर ‘तुर्भे’त रफार मात्रेवर चढतो.

नमुनापत्राचा मजकूर पाठवणाऱ्यांनी दोन गोष्टी टाइप करतानाच पाहाव्यात. ‘दुसऱ्या’तला ऱ हा युनिकोड ०९३१ असू द्या; साधा र टाकला की त्याचा रफार होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. ‘ॲप’मधला ॲ हा ०९७२ हे एकच अक्षर असू द्या. अ वर वेगळा चंद्र चढवला तर काही प्रणालींत मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, आणि जिथे उमटत नाही तिथे शोध घेताना तो शब्द सापडत नाही.