नाताळ पाळत नाही, मग चोवीसच्या रात्री काय करायचं?

वसई, उत्तन, वांद्रे, गोवा, कुठेही ख्रिस्ती घरात वाढलेल्या आणि आता नाताळ न पाळणाऱ्या माणसाला पंचवीस तारीख तितकीशी जड जात नाही. त्या दिवशी घर भरलेलं असतं, पंगती उठत असतात, कोण मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) गेलं नि कोण नाही हे विचारायला कुणाला सवड नसते. जड जातात ते चोवीसच्या रात्रीचे नऊ ते एक. घरचे सगळे इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडतात, दारातला तारा तेवढा लागलेला राहतो आणि मागे एकटा माणूस मोबाईल चाळत बसतो.

त्या वेळी नेमकं काय खुपतं ते आधी नीट ओळखा. बहुतेकांना प्रार्थना आठवत नसते. आठवतं ते काम: पाटाभोवती बसून कलकल हा तळलेला गोड पदार्थ वळणं, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला गवत लावणं, शेजारी ताटं पोचवणं. श्रद्धा गेली की माणूस या कामांमधूनही आपणहून उठतो आणि मग म्हणतो, मला कुणी विचारत नाही. म्हणून श्रद्धेचं काय व्हायचं ते होवो, एखादं काम हातात ठेवा.

यात दोन तऱ्हा आहेत, त्यांची गल्लत नको. ज्यांचा विश्वास नुसता विरला, त्यांना स्वयंपाकघरात बसायला काहीच हरकत नाही. पण ज्यांना हा सणच मान्य नाही, त्यांनी तयारीतही हात घालू नये, ते खोटं पडतं. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक यातले; न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या तेव्हाच्या मुख्यालयात त्यांनी शेवटचा नाताळ केला तो १९२६ साली. अशांनी सत्तावीस-अठ्ठावीसला साधं भेटायला जावं, हात हलवत न जाता फळं घेऊन.

घरी सांगायचं ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. आगमनकाळ, म्हणजे नाताळाच्या तयारीचा काळ, २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांमधल्या रविवारी सुरू होतो, त्यानंतर घरात कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर करू नका. स्वयंपाकघर ज्याच्या हातात आहे त्या एका माणसाला आधी सांगा, आणि तीन गोष्टी एका दमात सांगा: ‘आई, यंदा मी मिस्सेला येणार नाही. वीस तारखेला कलकल करायला येतो. पंचवीसला जेवायला आहेच.’ लोक पहिलं वाक्य बोलून थांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं, याला आता आपलं काहीच नको. पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही, आणि त्यात निम्मी चूक आपली असते.

गोठ्यातली हिरवळ हे मागून घेण्यासारखं पहिलं काम. बारा डिसेंबरच्या आसपास नाचणी रात्रभर भिजवा. उथळ ताटलीत बोटाच्या पेराएवढी माती पसरून त्यावर दाणे एकाला एक लागून टाका, ओला कपडा झाका आणि मोड दिसले की काढून टाका. दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ओतलं की दाणे एका कडेला वाहून येतात आणि बुरशी धरते. दहा-बारा दिवसांत दोन बोटं हिरवळ येते. थंडी जास्त असेल तर दोन दिवस आधी पेरा. आठवडाभर आधी पेरलेली मात्र चोवीसपर्यंत पिवळी पडून आडवी होते.

दुसरं काम कलकल. अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन, एक अंडं, आणि दाट नारळाचं दूध साधारण दीडशे मिली, तेही थोडं थोडं घालत. पीठ पुरीच्या कणकेएवढं घट्ट हवं. ओल्या फडक्याखाली तासभर मुरू द्या. वाटाण्याहून जराशी मोठी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरवायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, म्हणजे रेघा वर येतात. शेवटची कड दाबली नाही तर कलकल तेलात उलगडतं. साखर सढळ हाताने घातली तर बाहेरून लगेच काळं होतं. तेल फार तापलं असेल तर वरून लाल, आतून कच्चं, आणि दोन दिवसांत मऊ. मध्यम आचेवर तळून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. चौघांना वळायला दीड तास सहज लागतो, आणि खरं पाहता हवा असतो तो हाच दीड तास.

आता चोवीसची रात्र. घरी राहणार असाल तर उगाच राहू नका, ठरवून राहा. अंथरुणावरच्या आजीजवळ कुणीतरी थांबावंच लागतं. दोन-तीन दिवस आधी शिजवून मुरत ठेवलेलं सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं कालवण, ऊन करायचं असतं. मिस्सेहून परतलेली माणसं गारठलेली आणि भुकेली येतात. फाटक वाजलं की चहाचं आधण ठेवा, केक आधीच कापून ठेवा. मग त्या टेबलाशी तुम्ही पाहुणे राहत नाही.

सोबतीखातर चर्चमध्ये जायचं असेल तर बाकाच्या अगदी टोकाला किंवा बाहेरच्या मांडवात बसा. सगळे उभे राहतील तेव्हा उभं राहणं हा साधा शिष्टाचार. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या वेळी बसून राहा, गुडघे बाजूला घेऊन इतरांना वाट द्या. लाजेखातर रांगेत जाऊ नका. विश्वास नसताना ते घेऊ नये हे चर्चचंच म्हणणं आहे, आणि तुमचं मन ठाऊक असलेल्या आईला ते न घेण्यापेक्षा घेणंच जास्त लागतं.

ऑफिसात वेगळीच पंचाईत. श्रद्धा सुटली तरी आडनाव परेरा किंवा लोपीसच राहतं, आणि सव्वीसला सगळे विचारतात, ‘केक कुठाय?’ तिथे धर्मचर्चा नको. ‘मेरी ख्रिसमस’ला ‘तुम्हालाही’ एवढं पुरे. एखादे अंकल फारच मागे लागले, ‘ख्रिश्चन घरातला आणि नाताळ नाही?’ तर एवढं मनात असू द्या की १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेनेच नाताळ रद्द केला होता, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ तो पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, आणि स्कॉटलंडात २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. ही सगळी ख्रिस्ती माणसंच. जेवणाच्या टेबलावर मात्र यातलं काही काढू नका. अंकल हरतील आणि सोरपोतेल गार होईल.

राहिला ताटांचा प्रश्न. तुम्ही वेगळं बिऱ्हाड केलंय, घरात काही केलं नाही, तरी शेजारून न्युऱ्या, दोदोल, केक झाकून येणारच. घ्या. नको म्हटलं तर पुढच्या वर्षी ते घर वगळलं जातं. पण ताट रिकामं परत करायचं नाही, हा नियम दिवाळीच्या फराळाइतकाच इथेही लागू. त्याच दिवशी काही सुचत नसेल तर वाटीभर साखर चालते. त्याहून बरं म्हणजे ताट धुऊन ठेवा आणि संक्रांतीला तिळाच्या वड्या घालून पाठवा. फार लांबवू मात्र नका, नाहीतर ताट कुणाचं यावरून वाद.