मशीनवरचं दुखणं

गौरी-गणपती तोंडावर आले की बेळगावच्या वडगावातल्या माझ्यासारख्या शिलाईवालीला मान वर करायला फुरसत नसते. सकाळी 9 ला मशीनवर बसले की रात्री 10. सारखं उठावं लागू नये म्हणून पाणीही बेतानंच प्यायचे. गेल्या वर्षी त्याचीच शिक्षा मिळाली. शौचाला खडा व्हायला लागला, कुंथावं लागायचं, मग एक दिवस भांड्यात लालभडक थेंब दिसले आणि हाताला मूळव्याधीचा कोंब लागला.

दोन महिने कुणाला बोलले नाही. जुनं लुगडं घडी करून खाली घ्यायचे. शेवटी जाऊबाईंनीच विचारलं, "असं एका कुल्ल्यावर का बसतेस गं?" सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, मलाही झाल्तं की, धाकट्याच्या वेळी!" दुसऱ्या दिवशी हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

बाईंनी तपासलं. रक्त पडलं की मूळव्याधच म्हणून घरात बसू नका, रक्त दुसऱ्या कारणानंही पडतं, असं बजावलं आणि मलम लिहून दिलं. खडेबाजारातल्या दुकानात गर्दी होती. मराठीत पुटपुटून काय उपयोग, कन्नडातही 'मूलव्याधी'च आणि मलमाला 'मुलामू'! चिठ्ठी पुढं सरकवली आणि खाली बघत उभी राहिले.

त्या रात्री टबात कोमट पाणी घेऊन 15 मिनिटं बसले. मऊ सुती फडक्यानं न घासता टिपून घेतलं आणि मटाराएवढं मलम बोटानं लावलं. आधी चुरचुरलं. मग पाचेक मिनिटांत ती ठसठस दूर दूर जात गेली. त्यात लिग्नोकेन असतं, ते जागा बधिर करतं. किती दिवसांनी मी उताणी झोपले! खरंच रडू आलं.

पण मलमानं दुखणं शांत होतं, कोंबाचं मूळ कारण जात नाही. माझ्या मलमात स्टिरॉइडही होतं, म्हणून 7 दिवसांच्या वर लावायचं नाही, कातडी पातळ होते. खडा मोडला तो इसबगोल, भरपूर पाणी, पालेभाजी आणि जोंधळ्याच्या भाकरीनं. आता मशीनशेजारी तांब्या असतो. तासाभरानं उठतेच, गिऱ्हाईक थांबलं तरी.

परवा ब्लाउजचं माप द्यायला आलेली एक बाई काही केल्या खुर्चीवर बसेना. मी टेप बाजूला ठेवली, दार ओढून घेतलं आणि विचारलं.