गल्ला कुणाचा, हे आधी विचारा

सोळाव्या शतकातल्या लंडनच्या रंगभूमीवर प्रबंध लिहिलेला साहित्याचा प्राध्यापक पुढे हॉलिवूडच्या गल्लाभरू सिनेमावर लिहू लागला, की विभागात 'घसरला' म्हणून कुजबुज होते. मला ते पटत नाही. जुन्या नाटकमंडळ्यांच्या कागदांत मुरलेल्या माणसाकडे सिनेमासाठी लागणारी निम्मी हत्यारं आधीच असतात.

फिलिप हेन्स्लो हा रोझ नाट्यगृहाचा मालक. डलिच कॉलेजात जपलेल्या त्याच्या वहीला डायरी म्हणतात, पण आहे ती रोजकीर्द. १५९२ पासून कोणत्या दिवशी कोणता खेळ झाला आणि किती शिलिंग जमा झाले, ते तीत आहे. नवखा अभ्यासक हा आकडा म्हणजे सगळी तिकीटविक्री समजतो आणि प्रेक्षक मोजून मोकळा होतो. तिथेच फसतो. गॅलरीतल्या जमेपैकी साधारण अर्धा वाटा मालकाचा असे; एक पेनी देऊन अंगणात उभं राहणाऱ्यांचे पैसे नटांकडे जात. म्हणजे वहीत ३० शिलिंग असतील, तर गॅलरीत ६० जमले असणार, अंगणाचे वेगळेच.

आता अमेरिकी चित्रपटधंद्याची जुनी साप्ताहिकं काढा. वर्षाच्या यशस्वी चित्रपटांच्या यादीत आकडे असतात ते 'रेंटल'चे, म्हणजे थिएटरवाल्याने आपला हिस्सा ठेवून वितरकाला दिलेले. हल्ली छापतात ती एकूण तिकीटविक्री. दोन्ही शेजारी मांडले की जुना तुफान चाललेला सिनेमाही मार खाल्लेला दिसतो. हेन्स्लो पचवलेला माणूस ही चूक सहसा करत नाही.

तारखांचंही तसंच. त्या काळी इंग्लंडात कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे कागदावरचा फेब्रुवारी १५९७ हा बहुधा आपला १५९८ असतो. शिवाय जॉन पेन कॉलियर या एकोणिसाव्या शतकातल्या संपादकाने या वहीत खोट्या नोंदी घुसवल्या. त्याच्या १८४५ च्या आवृत्तीवर विसंबू नये.

पैशाचा ओघ कुठे होता, तेही वहीतच दिसतं. थॉमस हेवूडला एका नाटकाचे ६ पौंड मिळाले. त्याच नाटकातल्या बाईच्या काळ्या मखमली झग्याला ६ पौंड १३ शिलिंग लागले. पटकथालेखकांचं रडगाणं जुनंच म्हणायचं!

नाटकवाला अडखळतो तो फिल्मच्या लांबीपाशी. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगाने जवळपास १७ मिनिटं चालतं, २४ च्या, म्हणजे बोलपटाच्या, वेगाने जेमतेम ११. मूकपटांचा वेग ठरलेला नसे, म्हणून शॉटची सरासरी लांबी देताना वेग लिहायलाच हवा. बोलपटातही पाल (युरोप-भारतातली टीव्हीची जुनी पद्धत) पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट २५ फ्रेमने पळतो आणि १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत उरकतो. दोन डिस्कांवरची मोजमापं एका तक्त्यात घालण्याआधी वेष्टनावरची पद्धत वाचून घ्यावी.