डिझाइनचे वेगळे पैसे

मंगळवार, रात्री

नारायण पेठेतल्या काकांनी आज विचारलंच. "सुताराची मजुरी कळली, मालाचे पैसे कळले, पण डिझाइनचे वेगळे कशाला? बाकीचे लोक तर फुकट करून देतात." जुना फ्लॅट, दोघंच राहतात, स्वयंपाकघर आणि देवघर नव्याने करायचंय. त्यांच्या विचारण्यात खोच नव्हती, खरंच जाणून घ्यायचं होतं. मग मीही वही मिटून निवांत सांगत बसले.

फुकट कोणीच करत नाही. प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, टाइल्स ज्या दुकानातून येतात, तिथून अनेक डिझायनरांना बिलाचे काही टक्के मिळतात. हा रिवाज इतका मुरलाय की नवं दुकान गाठलं तर मी काही बोलायच्या आधीच "मॅडम, तुमचं बघून घेऊ" असं ऐकायला मिळतं. ते पैसे जातात घरमालकाच्याच खिशातून, फक्त त्याला दिसत नाहीत. मला त्याहून जास्त खटकतं ते पुढचं. बिल फुगेल तशी माझी कमाई वाढणार असेल, तर "इथे कपाट नको काकू, भिंत मोकळी राहू द्या" असं मी म्हणेन का? मन कितीही साफ असलं तरी कागदावर एक जास्तीचा ड्रॉवर काढला जातोच. म्हणून व्यवसाय सुरू करतानाच ठरवलं होतं की फी उघड घ्यायची आणि दुकानदार जी सूट देईल ती ग्राहकाच्या बिलात उतरवायची. यामुळे काही कामं हातची जातात. जाऊ देत.

काकूंना मात्र हे सगळं ओट्यापाशी उभं राहिल्यावर पटलं. ओटा ३४ इंचांचा, आणि काकू पाच फुटांच्याही आतल्या. पोळी लाटताना त्यांचे खांदे वर उचलले जातात. खांदा दुखतो एवढंच त्यांना माहीत, का ते कधी कुणी पाहिलं नव्हतं. कोपर वाकवायला सांगून जमिनीपासून मोजलं तर ३६ इंच. त्याच्या ५ इंच खाली, म्हणजे ३१ वर त्यांचा ओटा हवा. पण सिंकपाशी ३४ च ठेवायचे, कारण भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी असतात आणि तो तळ ओट्यापेक्षा सात-आठ इंच खाली जातो. ओटा दोन उंचींचा होणार म्हटल्यावर काका जरा बिचकले. काकू लगेच म्हणाल्या, "अहो, मला उभं राहायचंय तिथे."

भिंती काटकोनात आहेत का, ते गुण्या लावून पाहिलं. खिडकीकडचा कोपरा चांगला सहा सूत, म्हणजे पाऊण इंच बाहेर आहे. अशा घरात कारखान्यातून तयार खोके आणून बसवण्यापेक्षा जागेवर काम करणारे मिस्त्री मला कधीही बरे वाटतात. फटी झाकायला पट्ट्या मारत बसावं लागत नाही.

प्लायचंही तसंच. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच, त्यातला गोंद ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. वरच्या कोरड्या कपाटांना आणि देवघराला आयएस ३०३ चा साधा प्लाय भरपूर झाला. सगळीकडे महागडा मरीन प्लाय लावायला सांगणं सोपं असतं, ऐकणाऱ्यालाही भारी वाटतं. पण या दोघांचं घर पेन्शनवर चालतं.

आगाऊ रकमेबद्दलही बोललो. यांचे पैसे यांच्याच कामाला लागतील, दुसऱ्या साइटवरच्या सुताराचा पगार त्यातून द्यायचा नाही, हे मी कोटेशनमध्येच लिहून देते. या धंद्यात कामं अर्धवट लटकतात ती बहुतेक वेळा याच फिरवाफिरवीमुळे.

निघताना काका म्हणाले, "आधी नकाशे तर दाखवा, मग फीचं बघू." नाही म्हटलं. आजच्या मापांचे पैसे नकोत, पण नकाशे निम्मी फी आल्यावरच. त्यांना वाईट वाटलं असेल, तरी हे सांगताना माझा आवाज आता अडखळत नाही.

मुलगा बंगळुरूला असतो, त्याच्याशी बोलून कळवणार आहेत. म्हणून कोटेशन आत्ताच करून टाकते: माल, मजुरी, माझी फी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, सगळं वेगवेगळ्या ओळीत. ओट्याच्या दोन उंचींचं कारणही खाली लिहिते, काकांना ते त्याला फोनवर नीट सांगता यायचं नाही.