व्हिएन्नात पंचाहत्तरी : वाढदिवसाचा एक दिवस कसा आखावा

आईच्या पंचाहत्तरीसाठी व्हिएन्ना निवडलं, कारण बघण्यासारखं बरंचसं जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या रिंगरस्त्याच्या आत किंवा त्याला लागून आहे आणि कॉफीहाउसात एका कॉफीवर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही. ज्येष्ठांना घेऊन फिरताना ही दुसरी गोष्ट फार मोलाची. वेळ ठरलेल्या गोष्टी दिवसात दोनच ठेवा, सकाळी राजवाडा आणि संध्याकाळी ऑपेरा. मधली दुपार केकसाठी मोकळी सोडा.

शॉनब्रुन राजवाड्याला यू-४ मेट्रोने जायचं, स्टेशनचं नावही शॉनब्रुनच. तिकिटावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते, म्हणून आधीच ऑनलाइन घ्या आणि सकाळची पहिली वेळ धरा; दहानंतर टूरच्या बसेस येऊ लागतात. स्टेशनपासून दारापर्यंतची चाल आणि पाठीवरच्या सॅक जमा करणं, यात सहज अर्धा तास जातो. १७६२ साली सहा वर्षांच्या मोझार्टने सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर वादन केलं ते याच वाड्यात. मागच्या टेकडीवरची ग्लोरिएट ही कमानींची वास्तू १७७५ची. तिथवरचा चढ गुडघ्यांना जड जातो, पण खालची बाग विनातिकीट आहे आणि बसायला बाकं भरपूर.

आता केक. झाखरटॉर्ट या व्हिएन्नाच्या प्रसिद्ध चॉकलेट केकचा जन्म १८३२चा. ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख याच्या पाहुण्यांसाठी तो सोळा वर्षांच्या फ्रान्झ झाखरने केला असं सांगतात. त्याच्या मुलाने, एडुआर्डने, १८७६ साली काढलेलं झाखर हॉटेल ऑपेराच्या अगदी मागे आहे. कोलमार्क्ट रस्त्यावरच्या डेमेल या केकच्या दुकानाशी ‘अस्सल’ कोण यावरून बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली. फरक सुरी फिरवली की दिसतो : झाखरकडे जर्दाळूच्या जॅमचा एक थर केकच्या मधोमध आणि एक चॉकलेटच्या आवरणाखाली, डेमेलकडे फक्त आवरणाखाली. केक कोरडा लागतो अशी तक्रार हमखास ऐकू येते. बाजूला दिलेलं बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम त्यासाठीच असतं, प्रत्येक घासाबरोबर घ्या. अख्खा केक लाकडी पेटीत मिळतो. आत क्रीम नसल्याने तो प्रवासात टिकतो, फक्त उन्हात ठेवू नका. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, नाहीतर वरचं कवच तडकतं.

झाखरटॉर्टमध्ये अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी ‘व्हेगन’ लिहिलेला केक शोधावा, या शहरात तो सहज मिळतो. आप्फेलश्ट्रूडलच्या, म्हणजे सफरचंदाच्या गुंडाळीच्या, पातळ पिठात बहुधा अंडं नसतं, तरीही विचारून घ्या. स्वतःचा केक घेऊन कॉफीहाउसात बसणं तिथे चालत नाही. मेणबत्ती हवी असेल तर टेबल बुक करतानाच सांगा.

औक्षणाचं सामान नेलं असेल तर निरांजन हॉटेलच्या खोलीत पेटवू नका. धुराचा अलार्म वाजला तर अग्निशमन दल येतं आणि त्याचं बिल पाहुण्याच्या माथी पडू शकतं. बॅटरीचा दिवा, कुंकू, अक्षता, सुपारी एवढ्यानेही औक्षण छान होतं. स्थानिक ओळखीचे कोणी असतील तर आदल्या दिवशी त्यांच्याकडून शुभेच्छांची अपेक्षा नको. वाढदिवसाआधी अभिनंदन करणं तिकडे अशुभ मानतात.

ऑपेराचं तिकीट फक्त स्टाटसओपरच्या, म्हणजे सरकारी ऑपेरागृहाच्या, अधिकृत साइटवरून घ्या. श्टेफान्सप्लाट्झ या मधल्या चौकात मोझार्टसारखे टोप घातलेले विक्रेते भेटतात. ते विकतात ती पर्यटकांसाठीच्या वेगळ्या मैफिलींची तिकिटं. उभ्याने बघायची जागा स्वस्त असते आणि त्याच दिवशी विक्रीला येते. पण पंचाहत्तरीच्या माणसाला तिथे नेऊ नये. लॉजच्या (बाजूच्या छोट्या कक्षांच्या) मागच्या रांगांची तिकिटं स्वस्त दिसतात, पण तिथून रंगमंच अर्धाच दिसतो. लॉजची पहिली रांग घ्या, नाहीतर नकाशात सज्जाचा मधला भाग निवडा. प्रयोगाची लांबीही बघा, वाग्नर या संगीतकाराचा ऑपेरा पाच तास चालू शकतो. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये प्रयोग बंद असतात.

हाताशी वेळ उरला तर श्टेफान्सडोम हे मोठं चर्च बघा. दक्षिण मनोऱ्याला ३४३ अरुंद, गोल पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. उत्तर मनोऱ्याला लिफ्ट आहे आणि वीस टनांहून जड पुम्मेरिन घंटाही तिथेच दिसते. ज्येष्ठांसाठी उत्तरच.

वाढदिवस रविवारी असेल तर मेणबत्त्या, फळं, दूध शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत आणून ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांमधली काही सुपरमार्केट तेवढी उघडी. मेट्रोचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मवर जाण्याआधी निळ्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट आणि दंड शंभर युरोंच्या वर. विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे एस-७ लोकलसाठी शहराच्या पासावर जोडतिकीट काढा.